सोबतीचा माणूस

सकाळी सव्वाअकरा वाजता पेशंट रडला. रडण्याआधी त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत न घालता हातातच धरून ठेवला. पडद्यावरच्या चौकटींमध्ये बसलेली माणसं पुढे झुकली. त्याच्याशी बोलत असलेली नर्स तर खुर्चीतून अर्धी उठलीच.

"अहो काका, रडू नका ना. काही होत नाही. मी आहे ना. रिपोर्ट नॉर्मल आलाय ना तुमचा? मग? हृदय एकदम ठणठणीत आहे. काही म्हणजे काही होणार नाही तुम्हाला."

पेशंटने चष्मा घातला. चेहरा निवळला.

"नक्की ना?"

"अगदी नक्की. लिहून देते हवं तर."

"बरं वाटलं," पेशंट म्हणाला. पाण्याचा एक घोट घेतला. मग जरा थांबून, "पण सिस्टर, रिपोर्ट जुना आहे हो. मधल्या काळात काही झालं असलं तर?"

"थांबूया इथेच," कोपऱ्यातल्या चौकटीतून डॉक्टरबाई म्हणाल्या. "थँक यू, काका."

पेशंटने मान डोलावली. त्याच्या डोळ्यांत आता टिपूसही नव्हतं.

कारण तो पेशंट नव्हताच. लहान-लहान दवाखान्यांतल्या नर्स, समुपदेशक आणि नुकतेच पास झालेले मानसोपचारवाले यांना भीतीच्या आजारावर कसं काम करायचं हे घरबसल्या शिकवणारा तो वर्ग होता. शिकणाऱ्यांना खऱ्या माणसावर लगेच सोडत नसत. आधी सराव, तोही बेतलेल्या पेशंटवर. गेली दोन वर्षं हा पेशंट हेच काम करत होता.

"सिस्टर," डॉक्टरबाईंनी विचारलं, "तुम्ही इतका धीर दिलात. टिकला किती वेळ?"

नर्स प्रामाणिक होती. "एक घोट पाणी पिईपर्यंत."

चौकटींमध्ये हसू फुटलं.

"मॅडम, माझा जन्म धीर देण्यात गेला. इंजेक्शन टोचतानाही मी 'दुखणार नाही' म्हणते."

"आणि दुखत नाही?"

"दुखतं की. पण तोवर टोचून झालेलं असतं."

"इथे टोचून होत नाही, हीच पंचाईत आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आपण 'काही होणार नाही' म्हटलं की पेशंटला तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मग ते ऐकायला तो पुन्हा येतो. पुन्हा येतो. 'काही झालं तरी मी निभावेन' हे त्याचं त्यालाच कळायला हवं, आणि ते जिथे भीती वाटते तिथे पाऊल टाकल्याशिवाय कळत नाही. आपण मधे उभं राहायचं नाही. तुमचा हा दुसरा प्रयत्न होता. एक राहिला."

नर्सने ओठ आवळून मान हलवली. तिच्या मागे कुणीतरी ट्रेमध्ये कात्र्या टाकल्या, त्याचा खणखणाट सगळ्यांनी ऐकला. ती दवाखान्याच्या ड्रेसिंगच्या खोलीतून वर्गात बसत असे.

बेतलेल्या पेशंटला ऑफिसात 'जावकबाबू' म्हणत. बाहेर जाणारी टपालं सांभाळण्यात त्यांची नोकरी सरली. ऑफिसच्या नाटकांत ते हौसेने असत, पण वाट्याला येत ती 'साहेब, पत्र आलंय' एवढीच कामं. तीन शब्द बोलायचे आणि विंगेत जायचं. निवृत्तीनंतर एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी, जी या वर्गाची व्यवस्था बघायची, म्हणाली, "काका, मुख्य भूमिका आहे, करता का?" ते लगेच हो म्हणाले. तिने काय हवं ते तोंडीच सांगितलं. निवृत्त माणूस. एकट्याने घराबाहेर पडू शकत नाही. भाऊ सोबत असला तरच जातो. 'बाकीचं तुम्ही भरा.'

जावकबाबूंनी त्याच संध्याकाळी भरलं. फार लांब जावं लागलं नाही. स्वयंपाकघरापर्यंतच जावं लागलं.

त्यांची बायको प्राथमिक शाळेत गणित शिकवायची. सगळी वस्ती तिला मास्तरीणबाई म्हणे. तिने नुसता खडू उचलला तरी मागच्या बाकापर्यंत शांतता पसरायची. एका दुपारी वीजबिलाच्या रांगेत तिची छाती धडधडू लागली, हात गार पडले, फरशी पायांखालून सरकली. आपण मरतोय अशी तिची खात्री झाली. दवाखान्यात सगळ्या तपासण्या स्वच्छ निघाल्या. डॉक्टर म्हणाले, गॅस. काही महिन्यांनी बाजारात पुन्हा तेच झालं. मग तिने रांगा सोडल्या. मग बाजार सोडला, मग बस, मग शाळा. ती एकेक जागा सोडत गेली आणि सोडलेल्या प्रत्येक जागी जावकबाबू उभे राहत गेले.

बाहेर जायचं झालंच तर दोघं जात. ते तिच्या डावीकडे, अर्धं पाऊल मागे. डाव्या हातात पाण्याची बाटली, झाकण आधीच सैल केलेलं, म्हणजे वेळेला अडत नाही. बसमध्ये तिला दाराजवळची जागा. शर्टाच्या खिशात एक गोळ्यांची पट्टी. त्यातली एकही गोळी तिने कधी घेतली नव्हती, पण तारीख उलटली की ते नवी पट्टी आणत. शेजारणी म्हणत, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. मास्तरीणबाई म्हणत, "भाग्य कसलं, शिपाई आहे तो माझा." जावकबाबूंना त्यातही कौतुकच ऐकू येई.

वर्ग चालू असताना ते खोलीचं दार लावत आणि पंखा मोठा करत. बायकोला त्यांनी सांगितलं होतं, "म्हाताऱ्याचं काम असतं गं. गुडघे दुखतात, झोप येत नाही, असलं काहीबाही."

"त्यात काम कसलं?" ती म्हणाली होती. "तेच तर घरी फुकट करता."

मास्तरीणबाईंची थोरली बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. बसने अर्धा तास. दर रविवारी दोघं तिच्याकडे जात, चहा पीत, परत येत. त्या वर्षी ताई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि ऑपरेशननंतर ती उठलीच नाही. दिवसेंदिवस बारीक होत गेली.

एका सकाळी तिचा फोन आला. मास्तरीणबाईंचे हात भाजी निवडताना मातीने भरले होते, म्हणून जावकबाबूंनी स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला.

"ऐक," ताई म्हणाली, "तू एकदा एकटी ये."

"एकटी कशी येऊ ताई? हे येतील ना सोबत."

"हे नकोत. त्यांच्यावर राग नाही गं माझा. पण इतकी वर्षं झाली, तू येतेस तेव्हा ते मधे बसलेले असतात. मला तुझ्याशी बोलायचंय. आईच्या वेळचं आहे, दुसऱ्या कुणासमोर बोलता येत नाही."

"फोनवर बोल की मग."

"फोन सून धरून उभी असते. माझ्या हातात ताकद कुठे आहे? आत्तासुद्धा तीच उभी आहे, बिचारी." पलीकडे सून काहीतरी पुटपुटली. "फार दिवस थांबवू नकोस. तूच हिशेब कर, तुला जमतो."

फोन बंद झाल्यावर जावकबाबू म्हणाले, "सोपं आहे. मी खाली जिन्यापाशी थांबतो. तुम्ही बोला वर."

"ताईला कळेल तुम्ही खाली आहात."

"कळू दे की."

"मलाही कळेल," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि मातीचे हात धुवायला उठल्या. पुढचे दोन रविवार त्या डोकं दुखतंय म्हणून ताईकडे गेल्याच नाहीत.

नर्सचा शेवटचा प्रयत्न मंगळवारी होता. या खेपेला ती तोंडात पाणी धरल्यासारखी बसली. पेशंटने विचारलं, "सिस्टर, मला रस्त्यात काही होणार नाही ना?" तिचा ओठ हलला, पण तिने शब्द गिळला. चौकटीतल्या सगळ्यांना तो गिळताना दिसला.

"काका," ती म्हणाली, "ते मला सांगता येणार नाही. पण एक विचारते. भाऊ सोबत असतो, तेव्हा तो नेमकं काय करतो?"

हा प्रश्न आजवर कुणीच विचारला नव्हता. सगळे पेशंटबद्दलच विचारत. जावकबाबूंनी तयारी केलेली नव्हती, आणि तरी उत्तर आपसूक येत गेलं. बाटली कुठल्या हातात, झाकण कसं, दाराजवळची जागा कशी पकडायची, कंडक्टरला आधीच खूण करून ठेवायची. पुढे गर्दी दिसली की गल्ली बदलायची, आणि बदलली हे कळू द्यायचं नाही. चेहऱ्याचा रंग उतरायला लागला की तो कानाच्या पाळीपासून उतरतो, म्हणून कानाकडे लक्ष ठेवायचं. ते बोलत राहिले. बोलताना त्यांचा आवाज पेशंटचा राहिला नव्हता.

"आणि भाऊ नसला तर?" नर्सने विचारलं.

"असं होत नाही."

"कधीच?"

"तो होऊ देत नाही."

नर्सने अगदी सरळ विचारलं, "काका, ही भीती जपतंय कोण? तुम्ही, की तो?"

जावकबाबूंना पुढचं वाक्य सुचलं नाही. त्यांच्या तीन शब्दांच्या कारकिर्दीतही असं कधी झालं नव्हतं.

"पुढच्या वेळी भावाला घेऊन या," नर्स म्हणाली. "त्याने मन लावून केलंय हो सगळं. पण त्यालाही शिकवावं लागेल. सोबत सोडणं शिकवावं लागेल."

डॉक्टरबाईंनी तिला तिथेच पास केलं. इतरांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. "आणि काका," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "आज पेशंटपेक्षा भाऊच जास्त दिसला बरं का. भाऊ फार छान वठला."

जावकबाबूंनी लॅपटॉप मिटला आणि दार उघडलं. दाराबाहेर स्टुलावर मास्तरीणबाई बसल्या होत्या. मांडीवर ताट, ताटात मटार. शेंगा सोललेल्या होत्या, दाणे आणि सालं एकत्रच पडली होती.

"झाकण सैल करून ठेवतो म्हणे भाऊ," त्या वर न बघता म्हणाल्या. "कुठला हो हा भाऊ? माझ्या माहितीत तुम्ही एकुलते एक."

"अगं, ते नाटक आहे."

"माझं नाटक, आणि मलाच पास नाही?"

"पंखा लावला होता मी. तुला कसं—"

"पंखा आहे तो, भिंत नाही. दोन वर्षं ऐकतेय मी."

जावकबाबू दाराच्या चौकटीला टेकले. "तुझं नाव कुठेही घेतलेलं नाही. देवाशपथ."

"नाव सोडून सगळं घेतलंत." त्यांनी एक शेंग उचलली, तीही रिकामी निघाली. "रडतासुद्धा म्हणे तुम्ही. मी कधी रडले?"

"नाही."

"मग तेवढं तुमचं असेल."

"दोन वर्षं ऐकतेयस, मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? म्हटलं, माझी नक्कल करून कुणी शिकत असेल तर शिकू दे. वर्गात पोरंही करायची नक्कल, मी फळ्याकडे तोंड करून ऐकायचे. चांगली करायची." त्या उठल्या. "आज पहिल्यांदा तुमच्याबद्दल कुणी विचारलं, म्हणून स्टूल घेऊन बसले. बसल्याचं सार्थक झालं."

त्यानंतर दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. तिसऱ्या दिवशी जावकबाबूंनी स्वतःच पुढाकार घेतला. इतके वर्ग केले, इतक्या जणांना नापास होताना पाहिलं, एवढं तर आपल्यालाही येत असेल. ते म्हणाले, "चल, जिन्याने तू एकटी उतर. मी वर थांबतो. पायरी पायरीने जायचं असतं."

मास्तरीणबाई एक मजला उतरल्या. वळणावर थांबल्या, कठडा धरला. "अहो, काही होणार नाही ना?"

"छे! काही होत नाही गं. मी आहे ना इथे."

खालून आवाज आला, तो शाळेच्या वर्गातला. "चूक! सिस्टर या उत्तरावर दोनदा नापास झाली. तुम्हाला ऐकूनही येत नाही?"

शेजारचं दार किलकिलं झालं आणि बंद झालं.

संध्याकाळी चहा पुढे ठेवून मास्तरीणबाईंनी विचारलं, "ती सिस्टर. ती खरी आहे, की तीही सोंग?"

"खरी आहे."

"मग मला तीच हवी."

"अगं, ती शिकतेय अजून. डॉक्टरबाई स्वतः आहेत, मोठमोठ्या—"

"मोठ्या डॉक्टरने मला गॅस सांगितला होता. हिला स्वतःची खोड मोडावी लागली. मोडताना ऐकलंय मी."

जावकबाबूंनी डॉक्टरबाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं.

"काका, पहिली गोष्ट. सोंग आणणारे सगळेच घरातून उचलतात, पण विचारून उचलायचं असतं."

"हो."

"दुसरी. घरी तुम्ही उपचार करू नका. पेशंट तुम्ही उत्तम आहात. तेवढंच राहा."

"तेही कळलं," जावकबाबू म्हणाले. जिन्यातला प्रकार त्यांनी सांगितला नाही.

डॉक्टरबाईंनी मास्तरीणबाईंशी वेगळं बोलून घेतलं, त्यांचे कागद तपासले, नवी तपासणी करायला लावली. सराव संपलेल्या प्रत्येकाला पुढे एक खरा पेशंट घ्यायचा असे, डॉक्टरबाईंच्या देखरेखीखाली. अट एकच, जावकबाबूंनी या तुकडीसमोर पुन्हा यायचं नाही. ज्या नर्सची परीक्षा आपण घेतली, तिच्याच हाती बायको सोपवून वर पुन्हा तिचा पेशंट व्हायचं, हे चालणार नव्हतं. त्यांच्या जागी दुसरा कुणीतरी आणला. तो फार मोठ्याने रडतो, असं व्यवस्थेतली मुलगी म्हणाली.

आता दर गुरुवारी मास्तरीणबाई खोलीत जात, दार लावत आणि पंखा मोठा करत. कडाक्याची थंडी असली तरी. बाहेर बसून जावकबाबूंना नर्सचा आवाज येई, शब्द कळत नसत. बायकोचे मात्र कधी कधी कळत. "उंटावरून शेळ्या हाकताय तुम्ही सिस्टर, तिकडे खुर्चीत बसून!" त्यावर पलीकडून खदखदून हसणं. एकदा नाक शिंकरल्याचा आवाज आला. तो बायकोचा होता. जावकबाबू उठून गॅलरीत गेले.

तिसऱ्या गुरुवारी दार उघडलं. "या आत. बोलावतेय तुम्हाला."

पडद्यावर नर्स होती, मागे तीच ड्रेसिंगची खोली. "आणलंत शेवटी भावाला," ती म्हणाली. "बसा काका. तुम्हाला अभ्यास आहे."

अभ्यास साधा होता. बाटली धरायची नाही. गोळ्यांची पट्टी खिशातून काढायची. बाई बाहेर असताना फोन करायचा नाही. आणि 'काही होणार नाही ना' असं विचारलं की एकच उत्तर द्यायचं. मला माहीत नाही.

"म्हणून बघा."

"तसं काही होत नसतं, पण—"

"काका."

"मला... म्हणजे, देवाच्या मनात—"

मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "तीनच शब्द आहेत हो! आयुष्यभर तेवढेच बोललात ना स्टेजवर?"

"ते पत्र आलेलं असायचं," जावकबाबू म्हणाले. "खरंच आलेलं असायचं."

नर्स हसली नाही. "मला कळतंय काका. माझ्याही तोंडातून निघत नव्हतं. खोटं बोलत होते असं नाही. पण बाई आपल्याशिवाय बऱ्या झाल्या तर आपण काय करायचं, हे आपल्यालाही माहीत नसतं ना?"

त्या दिवशी त्यांच्या तोंडून ते निघालं नाही. पुढच्या आठवड्यात भाजीवाल्याने विचारलं, उद्या पाऊस येईल का हो, तेव्हा जावकबाबू म्हणाले, "मला माहीत नाही," आणि घरी येईपर्यंत ते मनात घोकत राहिले.

मास्तरीणबाई आधी जिना उतरल्या, मग फाटकापर्यंत गेल्या, मग औषधाच्या दुकानापर्यंत. दुकानातून काही न घेताच परत आल्या, तर नर्स म्हणाली, पुढच्या वेळी रांगेत उभं राहून काहीतरी घ्या. त्या कापूस घेऊन आल्या. घरात कापसाचे ढीग साचले. मग बसचा एक स्टॉप, जावकबाबू शेवटच्या सीटवर. मग ते मागच्या बसमध्ये. मग एका सकाळी त्या पूर्ण एकट्या निघाल्या आणि तिसऱ्या स्टॉपवर उतरून चालत परत आल्या. चेहरा पांढरा, पदराने गळा पुसत सरळ स्वयंपाकघरात जाऊन फरशीवर बसल्या.

जावकबाबूंनी पाण्याचा पेला भरला. मग तो ओट्यावरच ठेवला आणि स्वतः त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. गुडघ्यांनी कुरकुर केली.

"आता मरतेय असंच वाटलं," त्या म्हणाल्या.

त्यांनी 'मी आहे ना' गिळलं.

"नाही मेले." मग जरा वेळाने, "पेला द्या तो. दाखवायला भरलात का?"

त्या गुरुवारी पंख्याच्या आवाजातूनही नर्सचं एकच वाक्य स्पष्ट ऐकू आलं. "तीन स्टॉप गेलात ना? ते तीन कुणी परत घेऊ शकत नाही."

रविवारी रात्री ताईच्या मुलाचा फोन आला. ताईने खाणं जवळजवळ सोडलं होतं. डॉक्टर येऊन गेले होते, काही ठाम बोलत नव्हते. "मावशी, आई सारखी विचारते, ती आली का. तुम्ही म्हणत असाल तर मी गाडी घेऊन येतो सकाळी."

जावकबाबूंचा श्वास मोकळा झाला. गाडी दारात येणार, भाचा सोबत असणार, सगळंच सुटत होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

मास्तरीणबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तू नको येऊस रे. तिला सांग, उद्या येते. एकटी येते, असं सांग. आणि सुनेला म्हणावं, मी आले की तू तासभर बाजारात जा."

सकाळी दहाच्या सुमाराला त्या तयार झाल्या. शाळेत जाताना नेसायच्या त्या रंगाची साडी, लहान पर्स. जावकबाबू दाराशी उभे होते. दोन्ही हात रिकामे, आणि रिकाम्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.

"गॅलरीत उभं राहायचं नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या पाठीला कळतं."

"नाही राहणार. मला वर्ग आहे साडेदहाला, नवी तुकडी."

"कुणाचं सोंग?"

"दुसरं आहे. लिफ्टला घाबरणारा. माझं मीच बनवलंय."

"बरं." त्यांनी चपला घातल्या. एक पट्टा नीट बसला नाही, तो वाकून बसवला. मग उभ्या राहिल्या, आणि जावकबाबूंनी पाहिलं, कानाच्या पाळीचा रंग उतरला होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "काही होणार नाही ना?"

पर्समध्ये दोनदा हात घालून त्या काहीच न काढता थांबल्या होत्या. रेडिओ खालच्या मजल्यावर कुणाला तरी हवामान सांगत होता.

"मला माहीत नाही," जावकबाबू म्हणाले.

त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. वहीतलं उत्तर तपासावं तसं. "आवाज पडला शेवटी," त्या म्हणाल्या. "पण चालेल." आणि जिना उतरू लागल्या. जावकबाबूंनी पावलं मोजली नाहीत. दार लावून घेतलं.

वर्ग सुरू झाला. नव्या तुकडीतला एक तरुण समोर होता, केस नीट विंचरलेले, आवाज जरा जास्तच मऊ. "काका, लिफ्टचं दार बंद झालं की काय वाटतं?"

जावकबाबूंची पाठ खिडकीकडे होती. खाली स्टॉपवर एक बस आली, थांबली आणि सुटली, हे आवाजावरूनच कळलं. मग बराच वेळ दुसरी आली नाही.

"काका? आवाज येतोय का माझा?"

"येतोय. विचारा."

"लिफ्टचं दार—"

"हो. दार बंद झालं की..." दुसरी बस आली. थांबली. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्यासारखी वाटली, पण गर्दी असली की तशी थांबतेच. मग ती सुटली, चढावर गिअर बदलल्याचा आवाज झाला, आणि पुढच्या वळणावर तोही विरला.

"घाबरू नका काका," तरुण म्हणाला. "काही होणार नाही."

डॉक्टरबाईंनी त्याला थांबवलं. जावकबाबूंनी चष्मा पुसला. या खेपेला डॉक्टरबाई त्यांना 'थँक यू' म्हणाल्या नाहीत. नुसतं विचारलं, "काका, ठीक ना?" त्यांनी मान हलवली. ती कुठल्या बाजूला हलली, हे पडद्यावर नीट कळलं नाही.

वर्ग साडेअकराला संपला. फोन टेबलावर होता. बायकोने केला नव्हता, भाच्याने केला नव्हता, त्यांनीही केला नव्हता. किल्ली ती घेऊन गेली नव्हती, परत आली असती तर बेल वाजवावी लागली असती.

बारा वाजेपर्यंत बेल वाजलेली नव्हती.